चिठ्ठीवरचे नाव आणि कोळ्याची जात

पोत्यावर भलतीच चिठ्ठी लावली म्हणून आतला गहू काही बाजरी होत नाही. ते तुम्ही उघडताच ओळखाल. पण दोन वाणांचे दाणे दिसायला अगदी सारखे असले आणि चिठ्ठ्या बदलल्या, तर? पीक उभे राहीपर्यंत पत्ता लागत नाही. असाच एक घोटाळा कोळ्यांच्या बाबतीत घडला.

परदेशांत कित्येकांना मोठे केसाळ कोळी पाळण्याची हौस असते. या कोळ्यांना टॅरंटुला म्हणतात. त्यांत फार लोकप्रिय म्हणजे मेक्सिकोतला लाल गुडघ्यांचा कोळी. अंग काळसर, गुडघ्यांवर नारिंगी-तांबडे पट्टे, स्वभाव गरीब. मादी तर वीस वर्षांहूनही अधिक जगते. दुकानात त्याच्या पेटीवर नाव असे, 'ब्रॅकिपेल्मा स्मिथी'.

यातले 'स्मिथी' हे नाव १८९७ साली पिकर्ड-केंब्रिज या इंग्रज अभ्यासकाने दिले. पण त्याच्यापुढचा नमुना होता वयात न आलेल्या नराचा, आणि जातीच्या पक्क्या खुणा तर पूर्ण वाढलेल्या कोळ्यातच दिसतात! पुढे १९९४ साली स्मिथीचे पुन्हा वर्णन झाले, ते नेमके शेजारच्या दुसऱ्याच जातीचे कोळी पाहून. १९९७ साली हमोरी आणि अनिथा अशा दोन 'नव्या' जाती जाहीर झाल्या. अखेर २०१७ साली मेक्सिकोतील मेंडोझा आणि फ्रांके या शास्त्रज्ञांनी गुंता सोडवला. अनिथा म्हणजेच मूळची स्मिथी. आणि बाजारात स्मिथी म्हणून खपणारे बहुतेक कोळी होते हमोरी!

मग ओळखायचे कसे? नुसत्या रंगावर जाऊ नका. कात टाकण्यापूर्वी कोळी मळकट दिसतो, टाकल्यावर झळकतो. जबड्यांच्या पुढच्या बाजूला हमोरीला दोन पट्टे असतात, स्मिथीला एकच. पण तेही जिवंत कोळ्यावर नेहमी स्पष्ट दिसतील असे नाही. खात्रीची खूण मादीच्या पोटात असते. नराचे बीज साठवण्याची तिथे एक लहानशी पिशवी असते, आणि तिची घडण जातीगणिक निराळी. नराच्या बाबतीत तोंडाजवळच्या आखूड पायांच्या टोकाचा अवयव पाहतात.

तुम्ही म्हणाल, पिशवी पाहायची म्हणजे बिचारीला मारायचे की काय? मुळीच नाही. मादी कात टाकते तेव्हा या पिशवीचे अस्तरही कातीबरोबर बाहेर येते. वाळलेली कात साबणाच्या पाण्यात भिजवायची, हलक्या हाताने पसरायची आणि भिंगाखाली धरायची. झालं काम!

तिसरी साक्ष गावाची. बाल्सास नदी समुद्राला मिळते तिच्या एका अंगाला हलिस्को, कोलिमा, मिचोआकान हा हमोरीचा मुलूख; दुसऱ्या अंगाला गेरेरोकडे स्मिथीचा. कोळी कुठे पकडला याची नोंद असती, तर निम्मा घोळ झालाच नसता. दुकानातल्या पेटीवर ती नसते.

नावात एवढे काय आहे, असे वाटेल. रानातून बेसुमार धरपकड झाल्यामुळे १९८५ साली या कोळ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली. पण दोन जाती एकाच नावाखाली मोजल्या, तर त्यांतली एक ओसरत चालली तरी कुणाला कळायचे नाही. शिवाय चुकीच्या चिठ्ठीवर विसंबून दोन जातींची जोडी लावली, तर होणारी पिल्ले धड ना इकडची, ना तिकडची. ती रानात परत सोडण्याच्या कामाची नसतात.

आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलींत मोठे केसाळ कोळी राहतात. पोटावरचे खाजरे केस झाडून शत्रूला पळवणारे टॅरंटुला फक्त अमेरिका खंडांतले. आपल्याकडच्यांना ते अस्त्र नाही, पण त्यांचा चावा फार दुखतो. तेव्हा शिक्षकहो, मुलांना कोळी पकडायला लावू नका. लांबून पाहू द्या. वहीत गाव, झाड आणि तारीख लिहून घ्या. जातीचे नाव मागाहून कुणी जाणकार सांगेल, चुकले तर दुरुस्तही करील. पण ठिकाण लिहायचे राहिले, तर ते मागून कुणालाच सांगता येत नाही.