चिन्हांकनाधारित तांत्रिक दस्तऐवजीकरण : साधने आणि भावी दिशा

बीजशब्द : चिन्हांकन, तांत्रिक दस्तऐवज, एक्सएमएल, डॉकबुक, डिटा, मार्कडाउन, युनिकोड

प्रस्तावना :

यंत्राची माहितीपुस्तिका, संगणक प्रणालीची मार्गदर्शिका, प्रयोगशाळेची प्रात्यक्षिक पुस्तिका हे सर्व तांत्रिक दस्तऐवजाचे प्रकार होत. असा मजकूर वारंवार बदलतो, अनेकांच्या हातून लिहिला जातो आणि त्यातील चूक वाचकास महागात पडते. महाविद्यालयांत हे दस्तऐवज बहुधा शब्दप्रक्रिया प्रणालीत तयार होतात. तेथे शीर्षक म्हणजे मोठी अक्षरे आणि इशारा म्हणजे ठळक अक्षरे, असा व्यवहार असतो. वाचकाला त्यामागील अर्थ कळतो. संगणकाकडे मात्र केवळ अक्षरांच्या आकाराची नोंद राहते. या पद्धतीला पर्याय असलेल्या चिन्हांकनाची संकल्पना, त्याची प्रमुख साधने आणि भावी शक्यता यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. दस्तऐवजाचे आयुष्य ते तयार करणाऱ्या साधनापेक्षा मोठे असते, हे येथील विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

चिन्हांकनाची संकल्पना :

चिन्हांकनाचे मूळ छापखान्यात आहे. संपादक हस्तलिखिताच्या समासात खुणा करीत असे आणि जुळारी त्या पाहून खिळे जुळवीत असे. संगणकाच्या काळात या खुणा मजकुरातच लिहिल्या जाऊ लागल्या. मात्र ‘हे अक्षर मोठे छापा’ अशी खूण करणे आणि ‘हे प्रकरणाचे शीर्षक आहे’ अशी खूण करणे यांत मूलभूत फरक आहे. पहिली खूण रूप सांगते, दुसरी प्रयोजन सांगते. प्रयोजन नोंदले असेल तर त्याच मजकुरापासून छापील पुस्तक, संकेतपृष्ठ वा दृष्टिहीनांसाठीचे ध्वनिरूप तयार करता येते.

एक उदाहरण घेता येईल. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना आम्ल सावकाश पाण्यात मिसळावे, आम्लात पाणी ओतू नये, हा इशारा रसायनशास्त्राच्या अनेक प्रयोगांत लागतो. प्रत्येक पुस्तिकेत तो स्वतंत्रपणे टंकलिखित केल्यास कालांतराने त्याची निरनिराळी रूपे होतात. एखाद्या पुस्तिकेतून तो गळूनही जातो. ‘इशारा’ या नावाचा घटक करून तो एकदाच लिहिला आणि सर्व प्रयोगांतून त्याचा निर्देश केला, तर एका जागी केलेली दुरुस्ती सर्वत्र पोहोचते. ज्या प्रयोगात आम्लाचा वापर आहे पण इशारा नाही, असे प्रयोग संगणकाकडून शोधूनही घेता येतात. एक्सएमएलमध्ये घटकांची नावे देवनागरीत ठेवण्याची मुभा आहे, हेही येथे नमूद करावयास हवे.

साधनांचा विकास :

१९६९ मध्ये आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी सर्वसाधारण चिन्हांकनाची भाषा विकसित करण्यास प्रारंभ केला. तिच्यातून पुढे एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे सुटसुटीत रूप असलेल्या एक्सएमएलला १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. दरम्यान डोनाल्ड कनुथ यांच्या टेक प्रणालीवर लेस्ली लॅमपोर्ट यांनी उभारलेली लाटेक ही प्रणाली गणित आणि विज्ञानाच्या लेखनात रुळली.

तांत्रिक पुस्तिकांसाठी दोन परंपरा महत्त्वाच्या ठरल्या. डॉकबुकचा आरंभ १९९१ मधला. त्यात ग्रंथ, प्रकरण, सारणी, इशारा अशा घटकांची विस्तृत व्यवस्था असून रचना ग्रंथासारखी आहे. आयबीएममध्ये विकसित झालेले आणि २००५ मध्ये ओॲसिस या संस्थेचे मानक झालेले डिटा हे ग्रंथाऐवजी ‘विषय’ हा एकक मानते. संकल्पना, कृती आणि संदर्भ असे विषयांचे प्रकार स्वतंत्रपणे लिहावयाचे आणि नकाशाच्या साहाय्याने हवी ती पुस्तिका गुंफावयाची, अशी त्याची पद्धती आहे. उपरोक्त इशाऱ्याच्या पुनर्वापरास हीच पद्धती सर्वाधिक अनुकूल आहे. तथापि तिचे प्रशिक्षण खर्चिक असते आणि लहान संस्थांना तो भार पेलत नाही.

या जडपणाची प्रतिक्रिया म्हणून हलक्या चिन्हांकनाची साधने पुढे आली. स्टुअर्ट रॅकहॅम यांचे आस्कीडॉक २००२ मध्ये आणि जॉन ग्रुबर यांचे मार्कडाउन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मार्कडाउनमध्ये शीर्षकापूर्वी एक चिन्ह आणि भर द्यावयाच्या शब्दाभोवती तारांकने पुरतात. कोणत्याही साध्या संपादकात ते लिहिता येते. मात्र मूळ मार्कडाउनमध्ये ‘इशारा’ या अर्थाची खूणच नाही, आणि निरनिराळ्या प्रणालींनी आपापल्या पुरवण्या जोडल्याने त्याचे अनेक प्रकार झाले. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि आस्कीडॉक यांत अशी खूण असल्याने तांत्रिक लेखनास ती अधिक उपयुक्त ठरतात. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये आणलेली पॅनडॉक ही प्रणाली एका चिन्हांकनातील मजकूर दुसऱ्यात रूपांतरित करते.

स्थलांतराचे तीन दाखले :

साधने बदलली तरी मजकूर टिकतो, याची प्रचिती मुक्त स्रोत प्रकल्पांतून येते. पायथन भाषेचे दस्तऐवज २००७ पर्यंत लाटेकमध्ये होते. त्या वर्षी ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये नेण्यात आले आणि त्यासाठी गेओर्ग ब्रांडल यांनी रचलेली स्फिंक्स ही प्रणाली पुढे इतरांनीही स्वीकारली. लिनक्सच्या गाभ्याचे डॉकबुकमधील दस्तऐवज २०१६ पासून स्फिंक्सकडे वळविण्यात आले. फ्रीबीएसडी प्रकल्पाने २०२१ मध्ये डॉकबुक सोडून आस्कीडॉक स्वीकारले.

तिन्ही ठिकाणी जड चिन्हांकनाकडून हलक्या चिन्हांकनाकडे वाटचाल झालेली दिसते. लिहिणाऱ्याला सोपे वाटले नाही तर दस्तऐवज अद्ययावत राहत नाही, हा त्यातील पहिला बोध. शीर्षक, सारणी, उदाहरण यांची नोंद आधीपासून असल्यामुळे रूपांतराचे बरेचसे काम आज्ञावलीकडे सोपविता आले, हा दुसरा. जेथे रचना नोंदलेलीच नसते, तेथे स्थलांतर म्हणजे पुनर्लेखनच ठरते.

मराठी दस्तऐवजांचा प्रश्न :

मराठी मजकुराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी टंकलेखन विशिष्ट टंकांवर अवलंबून होते. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची रूपे बसविलेली असत. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. अशा मजकुरात देवनागरी शब्द टंकून शोध घेता येत नाही. येथे रूपालाच मजकूर मानण्याची किंमत मोजावी लागली, असे म्हणता येईल.

चिन्हांकनाच्या क्षेत्रात देवनागरीसाठी प्रयत्न झाले आहेत. फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरीची व्यवस्था केली. तीत मजकूर रोमन लिप्यंतरात लिहावा लागे. जोनाथन क्यू यांच्या २००४ मधील झीटेकमुळे युनिकोड देवनागरी थेट वापरता येऊ लागली. भाषेची खूण करण्याचाही प्रत्यक्ष लाभ होतो. मराठी आणि हिंदी छपाईतील ‘ल’ व ‘श’ यांची वळणे भिन्न आहेत. मजकूर मराठी असल्याची नोंद असेल आणि टंकात तशी सोय असेल, तर मूळ संहितेत बदल न करता मराठी वळणे उमटतात.

भावी दिशा :

पहिली दिशा सुगम्यतेची आहे. अर्काइव्ह या संशोधन-भांडाराने डिसेंबर २०२३ पासून नव्या लेखांची एचटीएमएल रूपे देण्यास प्रारंभ केला. लेखकांनी लाटेकमधील मूळ संहिता दिली असल्यामुळेच दृष्टिहीन वाचकांसाठी ही सोय शक्य झाली. दुसरी दिशा आवृत्ती-नियंत्रणाची आहे. मजकूर साध्या अक्षरसंहितेत असल्याने २००५ मध्ये आलेल्या गिटसारख्या प्रणालीत कोणी, केव्हा, काय बदलले याची ओळीगणिक नोंद राहते. तिसरी दिशा कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. भाषिक प्रारूपे मार्कडाउनमध्ये सहज मजकूर तयार करतात. परंतु आम्लाविषयीचा इशारा अचूक आहे की नाही याची जबाबदारी विषयतज्ज्ञावरच राहते. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या टिपस्टसारख्या नव्या साधनांनी मांडणी सुलभ केली आहे. त्यांचीही जागा उद्या अन्य साधने घेऊ शकतात.

निष्कर्ष :

१. दस्तऐवजाचे साधन निवडताना त्यातून मजकूर रचनेसह बाहेर काढता येतो की नाही, हा प्रथम निकष असावा.

२. पुनर्वापर मोठा असेल तेथे डिटा, ग्रंथरूप लेखनासाठी डॉकबुक वा आस्कीडॉक, गणितासाठी लाटेक आणि अल्प मजकुरासाठी मार्कडाउन उचित ठरते.

३. महाविद्यालयीन विभागांनी प्रात्यक्षिक पुस्तिकेपासून आरंभ करावा. शब्दप्रक्रिया प्रणाली सोडणे शक्य नसल्यास तीमधील शीर्षकांच्या शैली तरी नियमाने वापराव्यात; पुढील रूपांतर त्यांच्याच आधारे होते.

४. जुन्या टंकांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम, तो मजकूर जाणणारे अध्यापक सेवेत असतानाच पूर्ण व्हावयास हवे. रूपांतरात बिघडलेली जोडाक्षरे आणि पारिभाषिक संज्ञा तेच नेमकेपणाने ओळखू शकतात.