चिठ्ठीवरील औषधे : वाट चुकू नये म्हणून

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील वाघोली हे गाव एके काळी वाघेश्वराचे मंदिर आणि परिसरातील दगडखाणी यांसाठी ओळखले जाई. ३० जून २०२१ रोजी या गावाचा पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समावेश झाला. परंतु त्याचे गावपण त्यापूर्वीच ओसरले होते. महाविद्यालये, वसतिगृहे, गृहसंकुले आणि त्यांच्यामागोमाग दवाखाने व औषधांची दुकाने असा हा विस्तार आहे. वाढत्या वस्तीबरोबर एक जुनी सुरक्षितता मात्र नाहीशी होते. लहान गावात डॉक्टर रुग्णाच्या घराला ओळखतो आणि दुकानदार डॉक्टरांची सही ओळखतो. नव्या वस्तीत ही ओळख राहत नाही. तिची जागा मग नोंदवहीने, नियमाने आणि व्यावसायिकांच्या परस्परसंपर्काने भरून काढावी लागते.

औषध तयार होते कारखान्यात आणि घाऊक विक्रेता, किरकोळ दुकान व डॉक्टरांची चिठ्ठी या टप्प्यांतून ते रुग्णाकडे पोहोचते. या वाटेवर कोठेही फाटा फुटून ते रुग्णाऐवजी नशा करणाऱ्याच्या हाती गेले, म्हणजे त्याचा अपमार्ग झाला असे समजावे. हे औषध बनावट नसते, बेकायदा कारखान्यातले नसते. म्हणूनच ते पकडणे अवघड जाते. झोपेच्या गोळ्या, वेदनाशामके, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे यांची नावे या संदर्भात वारंवार येतात. मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ हे नाव पडले आणि मराठवाड्यात झोपेच्या गोळ्या ‘बटण’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, यावरून हा व्यवहार किती रुळला आहे याची कल्पना यावी. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी दिले जाणारे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना विकल्याची प्रकरणे अलीकडील वर्षांत पुणे परिसरात उघडकीस आली आहेत. अशा तरुणांना आपण नशा करीत आहोत असे वाटतही नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १ कोटी १८ लाख व्यक्ती वैद्यकीय कारणाविना शामक औषधे घेत होत्या.

या बाबतीत कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालील नियम १९४५ चे. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, दिनांक, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा असली पाहिजे, असे हे नियम सांगतात. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यावयाचे असते, आणि ते दिल्यावर दुकानाचे नाव, पत्ता व दिनांक चिठ्ठीवर नोंदवावयाचा असतो. ही शेवटची तरतूद सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. शिक्का न मारलेली चिठ्ठी घेऊन एकच इसम एका संध्याकाळी रस्त्यावरील पाच दुकानांतून तीच गोळी घेऊ शकतो, आणि पाचही दुकानदार आपण चिठ्ठी पाहूनच औषध दिले असे प्रामाणिकपणे सांगू शकतात.

१ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही स्वतंत्र अनुसूची अमलात आली. तीत काही प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधे यांच्याबरोबर अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडोल यांसारखी सवय लावणारी औषधे आहेत. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण तीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. ‘एक्स’ अनुसूचीतील औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते व एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते. ट्रामाडोल एप्रिल २०१८ मध्ये गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कक्षेत आले. अनेक जिल्ह्यांत औषध दुकानांत कॅमेरे बसविण्याचे आदेशही निघाले. कॅमेऱ्यास गिऱ्हाईक दिसते, चिठ्ठी वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

चिठ्ठी वाचतो तो नोंदणीकृत औषधनिर्माता. औषधशास्त्र अधिनियम, १९४८ याच्या कलम ४२ प्रमाणे औषध देण्याचा अधिकार त्यालाच आहे. प्रत्यक्षात काउंटरवर पुष्कळदा मदतनीस उभा असतो. औषधनिर्मात्यास संशय आला तरी डॉक्टरांना दूरध्वनी करण्याचा त्याला संकोच वाटतो, आणि असा दूरध्वनी आला की काही डॉक्टरांना तो आपल्या ज्ञानाचा अधिक्षेप वाटतो. सहकार्याची खरी अडचण येथे आहे. डॉक्टरांनी गोळ्यांची संख्या अंकी व अक्षरी लिहिली आणि चिठ्ठीतील मोकळी जागा रेघ मारून बंद केली, तर खाडाखोड करून दहाच्या शंभर करता येत नाहीत. चौकशीसाठी चिठ्ठीवर दूरध्वनी क्रमांक दिला आणि विचारणा झाल्यास सरळ उत्तर दिले, तर औषधनिर्माताही पुढच्या वेळी कचरत नाही. चिठ्ठ्यांचे कोरे पुस्तक टेबलावर उघडे राहू नये, हे परिचारिकेने व स्वागतकक्षातील सेवकाने पाहावयाचे आहे.

प्रशिक्षणाचा विचार या अंगाने व्हावयास हवा. २०१५ च्या औषधशास्त्र व्यवसाय विनियमांनी औषधनिर्मात्यांसाठी उजळणी वर्गांची तरतूद केली आहे, आणि डॉक्टरांनाही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे श्रेयांक मिळवावे लागतात. परंतु दोघांचे वर्ग वेगळे भरतात. एकाच वर्गात डॉक्टर, औषधनिर्माता आणि औषध निरीक्षक बसले व एक खरी संशयास्पद चिठ्ठी मध्ये ठेवून चर्चा झाली, तर तिचा उपयोग कलमे वाचून दाखविण्यापेक्षा अधिक होईल. वाघोलीत औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण देणारे महाविद्यालय आहे आणि भोवती व्यवसाय करणारे डॉक्टर व दुकानदार आहेत; अशा ठिकाणी हा वर्ग भरविण्यास वेगळी इमारत लागत नाही. गिऱ्हाइकास न दुखावता नकार कसा द्यावा, हेही तेथे शिकवावे लागेल. नकार मिळालेला माणूस बहुधा आजारी असतो. पुण्यातच येरवड्यास १९८६ पासून ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र कार्यरत आहे; नकाराबरोबर असा एखादा पत्ता देता आला पाहिजे.

मात्र धाकाने सर्व काही साधते असे मानल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. १९८५ च्या अधिनियमानंतर परवान्यांची गुंतागुंत व शिक्षेचे भय यांमुळे रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले, आणि पुढील बारा-तेरा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदना सोशीत गेले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘आवश्यक’ ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच परवान्यावर ती ठेवण्याची सोय केली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून परिहार सेवा व तिचे प्रशिक्षण देणारे केंद्र आहे. असे औषध घरी नेणाऱ्या कुटुंबास ते कुलपात ठेवण्यास आणि रुग्णाच्या निधनानंतर उरलेल्या गोळ्या परत करण्यास सांगणे, हादेखील उपचाराचाच भाग होय.

पंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औषध दुकानाचा परवाना देणे, तपासणे व रद्द करणे हा अधिकार अन्न व औषध प्रशासनाचा आहे. तो ग्रामपंचायतीकडे पूर्वीही नव्हता आणि हद्दवाढीनंतर महानगरपालिकेकडेही आलेला नाही. तक्रार त्या प्रशासनाच्या कार्यालयाकडेच करावी लागते. अमली पदार्थांविषयीची माहिती १९३३ या राष्ट्रीय क्रमांकावर कळविता येते, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. शिक्षकांना शाळेच्या आवारात गोळ्यांची रिकामी पट्टी सापडली, तर ती जाळून टाकू नये आणि त्यावरून एखाद्या विद्यार्थ्यावर लगेच आरोपही करू नये. पट्टीवर बॅच क्रमांक छापलेला असतो. तो शाबूत असेल तर औषध निरीक्षकास उत्पादकाकडून घाऊक विक्रेत्याकडे आणि तेथून बिलांच्या आधारे दुकानापर्यंत पोहोचता येते.