मामा तलावांतील मत्स्यसाठ्याचे शाश्वत व्यवस्थापन : नागपूर विभागाच्या संदर्भात

प्रस्तावना

नागपूर विभागाच्या पूर्व भागात, विशेषतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, माजी मालगुजारी तलाव म्हणजेच ‘मामा तलाव’ मोठ्या संख्येने आढळतात. यांतील अनेक तलाव गोंड राजवटीत कोहळी समाजाने धानाच्या सिंचनासाठी बांधले. मासेमारी प्रामुख्याने ढिवर समाजाकडे राहिली. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर हे तलाव शासनाकडे आले. या लहान जलाशयांतील मासळी कशी टिकवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मत्स्यसाठ्याचे दोन घटक

रोहू, कटला व मृगल हे मासे नदीच्या वाहत्या पाण्यात प्रजनन करतात. साठलेल्या पाण्यात सहसा करीत नाहीत. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचे तंत्र यशस्वी केले व पुढे या माशांचे बीज सहज उपलब्ध होऊ लागले. अर्थात त्यांचा साठा तलावात सोडलेल्या बीजावरच अवलंबून असतो. याउलट मरळ, मागूर यांसारखे स्थानिक मासे उथळ पाण्यात, जलवनस्पतींच्या आश्रयाने स्वतःच वाढतात. केवळ एकूण वजनावरून उत्पादन मोजल्यास या दुसऱ्या घटकाचा ऱ्हास लक्षात येत नाही.

व्यवस्थापनाची सूत्रे

१) बीज : बारीक बीज मरळीसारख्या भक्षक माशांचे खाद्य ठरते, म्हणून वाढलेली बोटुकली सोडणे हितावह असते. त्यांची संख्या पावसाळ्यातील जलविस्तारावरून नव्हे, तर उन्हाळ्यात उरणाऱ्या पाण्यावरून ठरवावी.

२) जाळे : जाळ्याचा आस पुरेसा मोठा असावा, म्हणजे लहान मासे निसटतात. स्थानिक माशांच्या प्रजननकाळात, पावसाळ्याच्या आरंभी, मासेमारी थांबवावी.

३) अधिवास : गवत्या मासा जलवनस्पती खातो, तर सायप्रिनस तळ उकरतो. काठावर पसरणारी बेशरम ही वनस्पती उथळ भाग व्यापते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजाने, विशेषतः स्त्रियांनी, बेशरम उपटून स्थानिक जलवनस्पतींची लागवड केली आहे.

४) पाणी : धानाला अखेरचे पाणी देताना तलावात किती पाणी राखावे, याचा करार शेतकरी व मत्स्य सहकारी संस्था यांच्यात आधीच व्हावा.

निष्कर्ष

सोडलेल्या माशांचे नुकसान पुढील वर्षी बीज विकत घेऊन भरून काढता येते. अधिवासासह नष्ट झालेली स्थानिक मासळी अशी परत आणता येत नाही. भूमिहीन ढिवर कुटुंबांचे अन्न व उत्पन्न तिच्याशी निगडित आहे. म्हणून प्रत्येक तलावावर जातीनिहाय पकडीची नोंद ठेवणे, ही शाश्वत व्यवस्थापनाची पहिली पायरी होय.