पन्नास हजारांचा कागद

मुंबईला गेलात तर फोर्ट भागातला राजाबाई टॉवर जरूर बघा. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला हा घड्याळाचा मनोरा १८७८ साली बांधून पूर्ण झाला. ज्याच्या देणगीतून तो उभा राहिला आणि ज्याच्या आईचं नाव त्याला मिळालं, तो माणूस मात्र मनोरा पुरा होण्याच्या कितीतरी आधीच आपली सगळी दौलत शेअर बाजारात घालवून बसला होता! त्याचं नाव प्रेमचंद रायचंद. त्याची गोष्ट सांगायचीच आहे. पण त्याआधी शेअर म्हणजे काय, ते बघू या.

समजा, चौघा मित्रांनी मिळून रसवंती काढली. चरक, बाकडी, घुंगरं, सगळं धरून खर्च आला दहा हजार. त्यांनी या दहा हजारांचे शंभर भाग केले. एक भाग शंभर रुपयांचा. हाच शेअर. उन्हाळा कडक पडला, रस खपला, नफा झाला. मग कोणीतरी म्हणालं, "तुझा भाग मला दे, दीडशे देतो." यात गैर काही नाही. धंदा चांगला चाललाय, तर भाव वाढणारच.

पुढची गंमत बघा. दीडशेला घेतलेला भाग दुसऱ्याने तीनशेला घेतला. का? तर उद्या कोणीतरी चारशे देईल म्हणून! चारशे देणाऱ्याने तर रसवंती डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही. एके दिवशी आभाळ भरून येतं, 'आता रस कोण पिणार?' अशी कुजबुज होते, जो तो विकायला धावतो आणि भाव ऐंशीवर येतो. चरक मात्र कालच्यासारखाच फिरतो आहे. म्हणजे आकडे दोन असतात. एक धंद्याच्या कमाईचा, दुसरा कागदाच्या भावाचा. तेजीत हे दोन्ही एकच आहेत असं वाटायला लागतं. बाजार पडला की त्यांच्यातलं अंतर दिसतं.

आता प्रेमचंदकडे वळू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळायचा तो मुख्यतः अमेरिकेतून. तोच बंद पडला. मग गिरणीवाल्यांनी मोर्चा वळवला हिंदुस्थानकडे. कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा अक्षरशः पूर आला. एवढ्या पैशाचं करायचं काय? रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे 'बॅक बे रेक्लमेशन' कंपनी. समुद्रात भराव घालून जमीन करायची आणि ती विकायची, हा तिचा बेत. तिचा पाच हजारांचा शेअर चढत चढत पन्नास हजारांच्या आसपास गेला. १८६५ मधले पन्नास हजार बरं का! आणि जमीन? ती अजून पाण्याखालीच होती.

प्रेमचंद या बाजाराचा राजा. कोणत्या शेअरला हात लावायचा ते त्याला विचारून ठरवायचे. बँक ऑफ बॉम्बेमध्येही त्याचा शब्द चालायचा आणि ही बँक शेअर तारण ठेवून खुशाल कर्ज देत होती. लोक कर्ज काढून शेअर घेत, तेच शेअर तारण ठेवून आणखी कर्ज काढत. त्यातच वायद्याचे सौदे जोरात होते. म्हणजे काय, तर आज पैसे द्यायचेच नाहीत. '१ जुलै १८६५ ला अमुक भावाने शेअर घेईन' एवढं वचन द्यायचं. भाव तोपर्यंत वाढणारच, मग काळजी कसली?

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. तिथला कापूस पुन्हा बाजारात येणार, ही खबर मुंबईत पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. कापसाच्या पैशावर उभे असलेले शेअर त्याच्यामागून गडगडले. १ जुलै उजाडला. वचनं दिलेली, पण पैसे कोणाकडेच नाहीत! एक बुडाला म्हणून त्याच्याकडून येणं असलेला दुसरा बुडाला, दुसऱ्यामुळे तिसरा. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली घसरला. पुढे कंपनी गुंडाळावी लागली. बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंदची संपत्ती गेली. शिल्लक काय राहिलं? तर १८६४ मध्ये, तेजी ऐन भरात असताना, त्याने विद्यापीठाला देऊ केलेला पैसा. तेवढ्याचा मनोरा झाला.

या गोष्टीत भाव पडला हे खरं, पण माणसं भावापेक्षा कर्जाने जास्त बुडाली. पाटी-पेन्सिल घ्या आणि हा हिशेब करा. तुमच्याकडे दोन हजार आहेत. आठ हजार उसने घेऊन तुम्ही दहा हजारांचे शेअर घेतले. भाव पंचवीस टक्के पडला. शेअरची किंमत राहिली साडेसात हजार आणि देणं आठ हजार. म्हणजे स्वतःचे दोन हजार तर गेलेच, वर पाचशेचं कर्ज डोक्यावर! शेजारच्या काकूंनी फक्त स्वतःच्या दोन हजारांचे शेअर घेतले होते. त्यांचे झाले दीड हजार. वाईट वाटणारच, पण त्यांच्या दारात तगादा लावायला कोणी येत नाही. त्या थांबू शकतात. तुम्ही थांबू शकत नाही. भाव सगळ्यात पडलेला असताना तुम्हाला विकावं लागतं.

१९९२ मध्येही असंच घडलं. त्या आधीच्या वर्षात आपल्याकडे घरोघरी शेअरची चर्चा होती. हर्षद मेहता हा दलाल ज्या शेअरला हात लावी तो चढे. एका सिमेंट कंपनीचा शेअर तर दहा हजारांच्या जवळ गेला होता. त्यासाठी तर्कही तयार होता : असा कारखाना आज नव्याने उभारायचा तर किती खर्च येईल, तेवढी त्या कंपनीची किंमत धरा! (तोच हिशेब आपल्या रसवंतीला लावून बघा. नवा चरक महाग झाला म्हणून रस जास्त खपतो का?) एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४४६७ वर होता. मग सुचेता दलाल या पत्रकार बाईंनी बातमी फोडली की बाजारात ओतला जाणारा पैसा बँकांमधून गैरमार्गाने आणलेला आहे. तो ओघ आटला आणि वर्षभरात सेन्सेक्स जवळजवळ निम्म्यावर आला.

सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला आकडा. १९७८-७९ साली तो १०० होता असं धरून मोजतात. हा आकडा पडला की घरातली मोठी माणसं म्हणतात, "थांबा, येईल परत." बरोबर आहे का ते?

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या वर जाऊन आला होता. अमेरिकेत घरकर्जांचा डोलारा कोसळला, लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक सप्टेंबरमध्ये बुडाली, आणि मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स ८१६० वर होता. ज्यांनी घाबरून तेव्हा विकलं, त्यांचा तोटा कायमचा झाला. जे थांबले त्यांना २०१० च्या दिवाळीत जुना आकडा पुन्हा दिसला. २०२० चं तर तुमच्यापैकी मोठ्यांना आठवतही असेल. करोनामुळे सगळं बंद झालं, २३ मार्चला एका दिवसात सेन्सेक्स ३९०० हून अधिक अंकांनी पडला आणि २६ हजारांच्या खाली आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो जानेवारीच्या उच्चांकाच्याही पुढे गेला.

मग 'थांबा' हेच उत्तर? इथे जरा थबका. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात ३८,९१५ वर होता. तो आकडा पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं! त्या वेळी बाबा झालेला माणूस तोवर आजोबा झाला. आणि बॅक बेचा शेअर तर कधीच परतला नाही. आणखी एक गोष्ट मोठी माणसंही विसरतात. सेन्सेक्समधल्या कंपन्या बदलत असतात. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंप्यूटर्सच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त पडला आणि कंपनीला सेन्सेक्समधून काढून दुसरी घेतली. सेन्सेक्स पुढे वर गेला, पण केवळ सत्यम धरून बसलेल्याला त्याचा काय उपयोग? 'बाजार परत येतो' आणि 'माझा शेअर परत येतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. म्हणून एकाच कंपनीत सगळे पैसे घालत नाहीत. आणि ज्या पैशांतून पुढच्या वर्षीची कॉलेजची फी भरायची, ते तर बाजारात नेऊच नयेत.

घसरणीचा फायदाही घेता येतो, बरं का. समजा आई दर महिन्याला पाचशे रुपये एका अशा फंडात घालते, जो अनेक कंपन्यांचे शेअर घेतो. पहिल्या महिन्यात भाव ५०. दहा भाग मिळाले. दुसऱ्या महिन्यात भाव २५, वीस मिळाले. तिसऱ्या महिन्यात भाव पुन्हा ५०, दहा मिळाले. घातले दीड हजार, भाग झाले चाळीस, आजची किंमत दोन हजार. भाव जिथे होता तिथेच आहे, तरी पाचशे वाढले! पण दुसऱ्या महिन्यात पाचशे भरायला छाती लागते. नेमके तेव्हाच पुष्कळ जण हप्ता बंद करतात.

वायदे मात्र अजून आहेत. आता ते मोबाइलवर होतात, 'फ्युचर्स' आणि 'ऑप्शन्स' या नावांनी. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये हिशेब काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या सौद्यांत उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. शंभरात त्र्याण्णव! घरातला ताई-दादा मोबाइलवर असे सौदे करत असेल, तर त्याला १ जुलै १८६५ ची गोष्ट जरूर सांगा.

अठरा वर्षं पुरी होईपर्यंत तुम्हाला स्वतः शेअरचे व्यवहार करता येत नाहीत. खातं पालकांमार्फत चालवावं लागतं. पण वहीतला बाजार आजच सुरू करता येईल. ज्यांच्या वस्तू घरात येतात अशा पाच कंपन्या निवडा. साबण, बिस्कीट, रंग, सायकल, काहीही. आईबाबांच्या मदतीने आजचा भाव तारखेसह लिहा. त्यापुढे दोन ओळी लिहा : ही कंपनी पैसे कशातून मिळवते आणि मी ती का निवडली. 'सगळे घेतायत म्हणून' हे कारण चालणार नाही. महिन्यातून एकदाच भाव बघा, रोज नको. एखादा शेअर खूप पडला तर वही उघडून आपलं कारण वाचा आणि शोध घ्या, कंपनीचं काही बिघडलंय की नुसताच भाव पडलाय? जे सापडेल ते त्याखाली लिहा, लाल शाईने.