गोदामाच्या गच्चीवर हिरवे छत : ट्रे घेण्याआधी वजनाचा हिशेब करा

उन्हाळा सुरू झाला की वरच्या मजल्यावर दुकान, शिलाईखाना किंवा गोदाम असणारे आपले व्यापारी बंधू एकच तक्रार करतात. स्लॅब तापतो, पंख्याची हवासुद्धा गरम लागते आणि दुपारी कारीगर कामावर टिकत नाहीत. यावर उपाय म्हणून आता तयार ट्रेचे ‘मॉड्युलर ग्रीन रूफ’ विकणारे येऊ लागले आहेत. हा माल खोटा नाही. मात्र तो निवडताना काय पाहावे, हे ठाऊक नसेल तर फायद्याऐवजी नुकसान पदरी पडते. आम्ही ते सोसले आहे, म्हणूनच हे लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या गोदामाच्या गच्चीवर विटांचे वाफे बांधले आणि त्यांत काळी माती भरली. पहिला पावसाळा ठीक गेला. दुसऱ्या पावसाळ्यात स्लॅब गळू लागला. पाणी कुठून येते ते सापडेना, म्हणून भर पावसात सगळी माती उपसावी लागली. तोवर खालच्या ग्रे कापडाच्या अकरा गाठींवर गंजाचे डाग पडले होते. तो माल डागी म्हणून पडत्या भावात काढावा लागला.

मॉड्युलर पद्धतीचा खरा फायदा इथेच आहे. यात माती स्लॅबवर टाकत नाहीत. प्लास्टिकच्या चौकोनी ट्रेमध्ये माती आणि झाडे असतात आणि ते ट्रे एकमेकांना लावून मांडतात. गळती झाली तर त्या जागेचे चार ट्रे उचलायचे, दुरुस्ती करायची आणि ट्रे परत ठेवायचे. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारावा की भिजलेला ट्रे दोन माणसांना उचलता येतो का. ट्रे एकमेकांत असे अडकत असतील की एक काढायला दहा मोकळे करावे लागतात, तर तो माल घेऊ नये.

दुसरी बाब वजनाची, आणि ती सर्वांत मोठी. विक्रेता नेहमी कोरडे वजन सांगतो. सुताचा व्यापार करणाऱ्यांना हे नवे नाही. कापसाच्या सुतात साडेआठ टक्के ओलावा व्यवहारात धरलाच जातो. मातीचे तर विचारूच नका. ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे चार ट्रे मिळून एक चौरस मीटर होतो. दहा सेंटिमीटर थर असेल तर एका ट्रेमध्ये २५ लिटर माती बसते. कोकोपीट आणि गांडूळखत घातलेले हलके मिश्रण भिजल्यावर साधारण २५ ते ३० किलो भरते, म्हणजे चौरस मीटरला १०० ते १२० किलो. तीच काळी माती असेल तर भिजून १८० किलोच्या आसपास जाते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हलके मिश्रण धरले तरी दहा टन होतात. ट्रकभर माल कायमचा डोक्यावर ठेवण्यासारखेच ते आहे.

आयएस ८७५ या भारतीय मानकात, जिथे माणसांची ये-जा आहे अशा सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो आणि ये-जा नसलेल्या छतासाठी ७५ किलो भार धरतात. हा भार माणसांसाठी आणि गच्चीच्या नेहमीच्या वापरासाठी आहे. ट्रेचे वजन कायमचे असल्याने ते त्यात बसवायचे नसते, वेगळे मोजायचे असते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेतल्याशिवाय एकही ट्रे वर चढवू नये. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, किंवा खाली माग चालून सारखे हादरे बसत असतील, तर तपासणीची गरज आणखी वाढते. २०२० आणि २०२३ साली भिवंडीत इमारती कोसळून माणसे दगावली, हे आपण विसरता कामा नये. पत्र्याच्या किंवा सिमेंट-पत्र्याच्या शेडवर तर हा विचारच करू नये.

वजनाची खात्री करण्याचा सोपा मार्ग आपल्या गोदामातच आहे. नमुन्याचा एक ट्रे मागवावा, भरून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा, सकाळी निथळू द्यावा आणि गाठी तोलायच्या काट्यावर ठेवावा. तो आकडा चारने गुणून इंजिनिअरला द्यावा.

तिसरी बाब पाण्याच्या निचऱ्याची. ट्रे मांडण्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग पक्के करून, दोन-तीन दिवस पाणी साठवून गळती पाहावी. ट्रेच्या तळाला पाय असावेत, म्हणजे पावसाचे पाणी खालून पाइपाकडे वाहते. पाइपाची तोंडे आणि कठड्यालगतची पट्टी मोकळी ठेवावी. वाऱ्याचा जोर कडेलाच जास्त असतो आणि साफसफाईलाही वाट लागते. काही ट्रेमध्ये तळाला पाणी साठवण्याची सोय असते. उन्हाळ्यात ती उपयोगी पडते, पण दोन सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला आणखी २० किलो. शिवाय ते पाणी उघडे राहिले तर डासांचे घर होते. प्लास्टिक उन्हाला टिकणारे असल्याची हमी बिलावर लिहून घ्यावी.

चौथी बाब झाडांची. अमेरिकेतील डिअरबॉर्न येथे फोर्ड कंपनीच्या ट्रक कारखान्याचे सुमारे दहा एकरांचे छत २००३ मध्ये सेडम या जाड पानांच्या झाडांनी झाकले गेले. त्याची छायाचित्रे दाखवून इथे तसलेच माहितीपत्रक पुढे करतात. पण तिथली इमारत हा भार धरूनच बांधली होती, आणि हवा थंड. कोकणपट्टीच्या पावसात अशी झाडे कुजण्याचा धोका असतो. आपल्याकडे चिनी गुलाब, घोळ, पानफुटी, कोरफड चालतात. लॉनला पाणी फार लागते. पिंपळ-उंबराचे रोप दिसताच उपटावे, कारण त्याची मुळे स्लॅब फोडतात.

शेवटचा प्रश्न असा की मे महिन्यात पाणी कोण घालणार? चौरस मीटरला रोज तीन लिटर धरले, तरी शंभर चौरस मीटरला ३०० लिटर होतात. माती कोरडी पडली, झाडे वाळली, की गारवा बराच कमी होतो. मालेगावसारख्या ठिकाणी, जिथे नळाला पाणी रोज येत नाही, तिथे हा हिशेब आधी मांडावा.

आणि हेतू फक्त उष्णता कमी करण्याचा असेल, तर आधी गच्चीला पांढरा चुना किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करून पाहावी. खर्च कमी आणि वजनही कमी. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छतांवर पांढरा रंग देण्याची मोहीम राबवली गेली ती याच कारणाने.

इमारत मजबूत आहे, पाणी आहे, देखभालीला माणूस आहे, अशांनी ट्रे जरूर घ्यावेत. सुरुवात एका कोपऱ्यात वीस-पंचवीस ट्रेने करावी, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मगच बाकीची गच्ची भरावी. कापडाचा नवा माल आपण आधी एक ताका घेऊन धुऊन पाहतो. छताच्या बाबतीतही तीच शिस्त पाळावी.