चार मीटरच्या आतला वेग

पिशोरला कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अॅव्हरेज किती देते?" दुसरा प्रश्न, "खाली घासत तर नाही ना?" पिकअपची चौकशी होते ती सगळ्यात शेवटी, आणि तीही बहुधा घरातल्या तरुण पोराकडून. कन्नडच्या पूर्वेला, अंजना नदीकाठचा हा भाग मका, कापूस आणि आल्याचा. इथे गाडीने आधी काम करायचं असतं. दवाखाना, बँक, बाजार समिती, लग्नसराई, संभाजीनगरला शिकणाऱ्या मुलांकडची फेरी, हे सगळं उरकलं की मग हौस.

अशा गावात स्पोर्टी हॅचबॅक म्हणजे पैशाची नासाडी, असं वडीलधाऱ्यांना वाटतं. वरवर पाहता ते खरंही आहे. पण दुपदरी रस्ता, पुढे उसाची ट्रॉली आणि समोरून येणारी एसटी अशी रोजची गाठ असलेल्या माणसाला वेगाची गरज मुंबईकरापेक्षा जास्तच असते. त्याला ताशी दोनशेची गाडी नको असते. ऐंशीवरून शंभरवर पटकन जाऊन पुन्हा आपल्या बाजूला येणारी गाडी हवी असते. ही गरज परवडणाऱ्या किमतीत कुणी भागवली, याचं उत्तर आपल्याच राज्यात, पुण्याजवळच्या चाकणमध्ये सापडतं.

चाकणची जीटी

फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथून पोलो बाहेर पडू लागली. सुरुवातीची पेट्रोल पोलो दिसायला देखणी, पत्र्याला दणकट, पण चालवायला मंद होती. १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ७५ पीएस ताकद आणि ११० न्यूटन मीटर टॉर्क. हा टॉर्कही ३७५० आरपीएमला हाती येई. चार माणसं आणि एसी असला की चढावर गिअर खाली घ्यावाच लागे.

एप्रिल २०१३ मध्ये त्याच बॉडीत जीटी टीएसआय आली. इंजिन पुन्हा १.२ लिटरचंच, पण चार सिलिंडर, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी यंत्रणा आणि जोडीला टर्बोचार्जर. ताकद १०५ पीएस, टॉर्क १७५ न्यूटन मीटर, सोबत सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दिल्लीची एक्स शोरूम किंमत ७ लाख ९९ हजार. शून्य ते शंभर किलोमीटरला ९.७ सेकंद लागतात, असा कंपनीचा दावा होता. त्या किमतीला तेव्हा हे आकडे नवलाचे होते.

या घराण्याचा मूळ पुरुष जर्मनीतला. १९७६ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय विकायला काढली. घरगुती हॅचबॅकमध्ये ११० पीएसचं इंजिन बसवलेली ही गाडी सुमारे पाच हजारच विकली जाईल, असा कंपनीचा अंदाज होता; पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. आठवडाभर भाजी, मुलं आणि ऑफिस सांभाळायचं आणि रविवारी मोकळ्या रस्त्यावर महागड्या गाड्यांना मागे टाकायचं, ही कल्पना लोकांना पटली. चाकणची जीटी तिच्याशी ताडून पाहिली की गंमत कळते. ताकद जवळपास तेवढीच. वजन मात्र तीनशे किलोने जास्त, कारण मधल्या काळात एअरबॅग, एसी आणि जाड पत्रा आला. टॉर्क १४० वरून १७५ वर गेला, म्हणून ते वजन जाणवत नाही.

करामुळे घडलेलं इंजिन

भारतातली वेगवान हॅचबॅक अभियंत्यांइतकीच अर्थमंत्रालयानेही घडवली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं आणि लहान गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला तरी ही चौकट टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीतल्या गाडीवर १८ टक्के कर आहे, तर चौकटीबाहेरच्या मोठ्या गाडीवर ४० टक्के.

चौकट पाळायची आणि ताकदही वाढवायची, तर इंजिन मोठं करून चालत नाही. मग टर्बो लागतो. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटी चक्री फिरते, तिच्या दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येतं, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. पोलो जीटीचं इंजिन ११९७ सीसीचं आणि लांबी ३९७१ मिलिमीटर, हा योगायोग नव्हे.

चौकट मोडणाऱ्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. पुण्याजवळच्याच रांजणगावातून २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो आली. १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि दिल्लीत ९ लाख ९५ हजार किंमत. जाणकार आजही तिच्यावर जीव टाकतात. पण इंजिन १३६८ सीसीचं, त्यामुळे लांबी चार मीटरच्या आत असूनही कर मोठ्या गाडीचा. ती मोजकीच विकली गेली. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने १.८ लिटर, १९२ पीएसची तीन दारांची पोलो जीटीआय आयात केली. तिची किंमत २५ लाख ९९ हजार होती. दिसायला पोलो आणि पैसे बंगल्याच्या प्लॉटचे, असं झाल्यावर गिऱ्हाईक कुठून मिळणार?

खुद्द आपल्या जिल्ह्यालाही या शौकाचा इतिहास आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ मध्ये स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली आणि २००४ मध्ये तिची १५० पीएसची टर्बो आरएस आवृत्ती आली. भारतातल्या सुरुवातीच्या टर्बो पेट्रोल गाड्यांपैकी ती एक. दिसते सेदान, पण मागचं दार काचेसकट वर उघडतं.

घाटात आणि ट्रॉलीमागे

कागदावरचे आकडे रस्त्यावर कसे लागतात? गळिताच्या हंगामातला कन्नडकडचा रस्ता घ्या. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वेग ताशी वीस. उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब. साध्या हॅचबॅकमध्ये दुसरा गिअर टाकून इंजिन ओरडवत निघावं लागतं आणि अर्ध्यात समोरून दिवे दिसले की पोटात गोळा येतो. जीटीचा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमपासून ४१०० पर्यंत मिळत राहतो. पाय दाबला, क्षणभराचा टर्बोचा आळस संपला की गाडी निघते. उलट्या बाजूला घालवलेले सेकंद कमी होतात. या गाडीतली खरी सुरक्षितता इथे आहे, आणि खरा मोहही इथेच. कारण जी जागा तिला पुरते ती पुरेल असं पुढच्या वळणावरही वाटू लागतं.

कन्नडपासून पुढे गौताळा अभयारण्यातून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट ही दुसरी परीक्षा. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून इथे अवजड वाहनांना बंदी झाली. चाळीसगावकडून चढताना जीटी तिसऱ्या गिअरमध्ये बिनतक्रार ओढते. उतारावर मात्र गिअर स्वतः खाली घेऊन इंजिनच्या ब्रेकवर उतरावं. ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये ठेवून नुसता ब्रेक दाबत राहिलं तर ब्रेक तापतात. पोलोचं स्टिअरिंग वळणात भरवशाचं वाटतं आणि बॉडी फार कलत नाही. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप धडक चाचणीत बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार तारे मिळाले. त्यानंतर कंपनीने दोन एअरबॅग सगळ्या पोलोंना दिल्या. जुनी गाडी घेताना ही गोष्ट आवर्जून तपासावी.

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि त्या वेगाला ही गाडी निवांत असते. पण काँक्रीटवर टायर सतत तापत राहतात, म्हणून हवा आणि टायरचं वय दोन्ही पाहूनच चढावं.

रोजचा हिशेब

आता वडीलधाऱ्यांच्या प्रश्नांकडे येऊ. कंपनीचा अॅव्हरेजचा दावा लिटरला १७ च्या आसपास होता. पाय जड असला तर आकडा झपाट्याने खाली येतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे थोडी घट सगळ्यांनाच सोसावी लागते. गाडी जमिनीपासून साधारण १६५ मिलिमीटर उंच. एकट्याला पुरेशी, पण पाच माणसं बसवून गावठी गतिरोधक ओलांडायचा तर तिरकी घालूनच. मागच्या सीटवर पाय अवघडतात. डिकी २८० लिटरची, म्हणजे दोन मोठ्या बॅगा. आल्याच्या गोण्यांसाठी पिकअप वेगळा हवा.

सगळ्यात जपायचा भाग म्हणजे सात गिअरचा डीएसजी. त्याचे दोन्ही क्लच कोरडे, तेलात न बुडालेले. आठवडी बाजाराच्या गर्दीत अर्धा ब्रेक सोडून गाडी इंचाइंचाने सरकवली की ते घासतात आणि तापतात. पुढे जागा होऊ द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून निघावं. त्याचा मेकॅट्रॉनिक्स हा भाग गेला की बिल हजारांत नव्हे, लाखाच्या हिशेबात बोलतं. हे काम गावातल्या गॅरेजचं नाही; त्यासाठी गाडी संभाजीनगरलाच न्यावी लागते. लांब पल्ल्यानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवलं आणि ठरलेल्या ग्रेडचं तेल वेळेवर बदललं, तर टर्बो सहसा त्रास देत नाही.

आणखी एक खूळ रिमॅपचं. लॅपटॉप जोडून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलायचं आणि ताकद वाढवायची. हे करताना वॉरंटी जाते, विम्याचा दावा अडकू शकतो आणि भार गिअरबॉक्सवर पडतो. जुनी जीटी पाहायला गेलात तर असं काही केलंय का, हे आधी विचारा.

घ्यावी का?

२०२० मध्ये बीएस ६ चे नियम आले तेव्हा पोलोला एक लिटरचं तीन सिलिंडरचं टीएसआय इंजिन मिळालं: ११० पीएस, तोच १७५ न्यूटन मीटर टॉर्क, आणि सहा गिअरचा मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. कोरड्या क्लचची कटकट गेली. पण २०२२ मध्ये लीजेंड नावाच्या ७०० गाड्या काढून कंपनीने भारतातली पोलो बंद केली. गिऱ्हाईक उंच एसयूव्हीकडे वळलं होतं. गेल्या काही वर्षांत या वर्गात नव्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या: ह्युंदाईची २०२१ ची आय २० एन लाइन आणि टाटांची जून २०२४ ची अल्ट्रोझ रेसर. दोन्ही १२० पीएसच्या, दोन्ही चार मीटरच्या आत.

पिशोरसारख्या गावातून विचाराल तर सल्ला सरळ आहे. घरात एकच गाडी असेल आणि तिच्यावर पाच माणसं व शेतीचं सामान अवलंबून असेल, तर पोलो घेऊ नका. दोन-तीन माणसांचं घर असेल, जिल्ह्याच्या गावी नेहमी जाणं-येणं असेल आणि चालवण्याची आवड असेल, तर २०२० किंवा त्यानंतरची मॅन्युअल टीएसआय शोधा. एकहाती वापरलेली, सर्व्हिसची सगळी बिलं असलेली मिळाली तर उत्तम. किमतीतून जे वाचेल त्यातून पहिल्याच महिन्यात चार नवे टायर आणि ब्रेक पॅड घाला. दोन गाड्यांचं काम एका गाडीच्या पैशात करणारं याहून स्वस्त यंत्र आज सेकंडहँड बाजारात मिळत नाही.