उजळणी : वाचायची की आठवायची?

विद्यापीठीय परीक्षेचे वेळापत्रक हाती पडले की घरोघरी एकच हिशेब मांडला जातो : दिवस किती उरले आणि विषय किती. दिवस चोवीस व विषय चार असल्यास प्रत्येकी सहा दिवस, असा सरळ भागाकार करून आपला पाल्य मोकळा होतो. या भागाकारात दोन बाबी सुटतात. शेवटचा विषय हाती घेईपर्यंत पहिला विषय संपल्याला तब्बल बारा दिवस लोटलेले असतात; आणि त्या सहा दिवसांत नेमके करावयाचे काय, हे तर ठरलेलेच नसते. बहुधा तेच पुस्तक पुन्हा वाचले जाते.

प्रस्तुत लेखकाने एम.कॉम.च्या वेळी हेच केले होते. परिव्यय लेखांकनातील सोडविलेली उदाहरणे तीन वेळा वाचली. प्रत्येक पायरी पटत होती. परीक्षेत मात्र कोऱ्या कागदावर पहिली पायरीच सुचेना.

असे का होते, याचा उलगडा अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिकी यांनी केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून होतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. त्यानंतर तो काहींनी पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले : ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र पालटले. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पुढच्याच प्रयोगात असेही दिसले की, वारंवार वाचणाऱ्यांनाच आपल्या स्मरणाचा भरवसा अधिक वाटत होता. फसगत होते ती इथेच. डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हाही स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणे या दोन पद्धती अग्रस्थानी राहिल्या. पुनर्वाचन व अधोरेखन तळाशी गेले.

आपल्या व्यवसायातीलच उदाहरण घेऊ. वाणिज्य कायद्याच्या अभ्यासात परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधील कलम १३८ येते. पुस्तक मिटून धनादेश न वटल्यानंतरचे टप्पे कागदावर लिहावेत. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर रक्कम देण्यास पंधरा दिवस. तरीही रक्कम न मिळाल्यास त्यानंतर एक महिन्यात तक्रार. मुदतींची अदलाबदल झाली, तर पुस्तक उघडून तेवढेच दुरुस्त करावे आणि दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यावा. रोखपाल दिवसअखेर वहीतील आकडा वाचून समाधान मानीत नाही, रोकड मोजतो. त्यातलाच हा प्रकार.

आता दिवसांची वाटणी. चोवीस दिवसांच्या तीन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत प्रत्येक विषयास तीन दिवस, दुसरीत दोन, तिसरीत एक. शेवटच्या फेरीत विषयांचा क्रम परीक्षेच्या उलट ठेवावा, म्हणजे पहिल्या पेपरचा विषय आदल्या दिवशी हाती येतो. प्रत्येक फेरीची सुरुवात वाचनाने न करता मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकेने करावी. कच्चे काय आहे, ते तासाभरात कळते. गणिती विषयांत एकाच प्रकरणाची दहा उदाहरणे ओळीने सोडवू नयेत. सीमांत परिव्ययाचे एक, प्रक्रिया परिव्ययाचे एक, असे मिसळून सोडवावे, कारण कोणती पद्धत लागू पडते हे प्रश्नपत्रिका सांगत नाही.

जो भाग मुळात समजलेलाच नाही, त्याला ही युक्ती लागू नाही. तो आधी वाचून वा विचारून समजून घ्यावाच लागतो आणि पहिल्या फेरीतील अधिक वेळ त्यासाठीच आहे.

पालकांना एक सांगणे आहे. आरंभीचे दोन-तीन दिवस कोऱ्या कागदावर दहापैकी चार-पाच मुद्देच उतरतात. विद्यार्थी खट्टू होतो आणि पुन्हा वाचनाकडे वळतो. तेव्हा ‘अजून वाच’ असे न म्हणता त्याच्या हातून पुस्तक घ्यावे आणि त्यातील चार प्रश्न आपणच विचारावेत. विषय आपणांस अवगत असण्याची गरज नाही; उत्तर पुस्तकात आहेच.